बाकावरचं लिंबू

आदरणीय वैशालीताईस, कोपरीहून महेंद्रचा सप्रेम जय भीम.

तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला आता ताब्यात असतील अशी आशा. कल्याण काही लांब नाही, फोनच केला असता. पण आपल्या घरात फोनवर बोललेलं भिंतीपलीकडच्या हेमाकाकूंना आधी कळतं, म्हणून हे पाकीट.

ताई, लिंबू ही काय चीज आहे ते मला आजवर कळलंच नव्हतं गं! आपण भूतखेत मानत नाही, म्हणून गेटसमोर कुणी लिंबू-नारळाचा उतारा टाकला की तो उचलायचं खातं माझ्याकडे, हे तुला माहीतच आहे. (शिकलेसवरलेले लोक गॅलरीतून हात जोडून मला धीर देतात. त्या नारळांच्या वड्या आई करते. हेमाकाकूंनी कृतीसुद्धा विचारून घेतलीय.) तर झालं असं, की कमिटीने ठरवलं, खालचा सिमेंटचा बाक फोडायचा आणि तिथे सेक्रेटरी सुधीररावांच्या नव्या गाडीला जागा करायची. बाक म्हणजे आईचा बाक! बाबा गेल्यापासून संध्याकाळी ती तिथे बसते, तेवढीच तिची चार माणसांत ऊठबस. मी अर्ज दिले, मीटिंगमध्ये घसा कोरडा केला, सगळे ढिम्म. शेवटी डोकं फिरलं. एक लिंबू आणलं, घरातली सुई त्यात खुपसली, वर कुंकू फासलं (तेही हेमाकाकूंकडूनच, शाळेतल्या प्रयोगाला हवंय म्हणून) आणि कुणी नाही बघून बाकावर ठेवून आलो.

काय सांगू! बाक फोडायला आलेला माणूस घण टाकून जो गेला तो गेलाच. जन्मभर फिजिक्स शिकवलेले सुधीरराव गाडी मुकाट्याने रस्त्यावर लावायला लागले. माझ्या अर्जांना जे जमलं नाही ते एका लिंबाने केलं. मी थक्क झालो, ताई. पण मग अख्खी कमिटी आपल्या दारात! महेंद्र, तुम्हीच उचला, तुम्हाला काही होत नाही. आता नाही कसं म्हणणार? गेलो. मागे सगळे श्वास रोखून उभे. वाकलो, आणि हात पुढे जाईना! मीच आणलेलं, मीच टोचलेलं लिंबू, आणि माझ्याच अंगावर काटा. एवढ्या माणसांची भीती एका जागी जमली की तिला वजन येतं गं, खरंच येतं. मी मागे फिरलेला बघून हेमाकाकू मटकन खाली बसल्या. आता बाकाकडे कुणी फिरकत नाही.

तुझा,
महेंद्र

ता. क. बाक वाचला, पण आई खिडकीत बसून असते, आणि हे लिंबू माझंच, हे तिला सांगायची मला लाज वाटते. रविवारी ये आणि तेवढं उचल. तू पहिल्यापासून माझ्यापेक्षा धीट.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार, तोच आई सरबत घेऊन आली. लिंबू कुठलं विचारलं, तर म्हणाली, बाकावरचं. माझी सुई मी ओळखणार नाही होय रे? सुई धुऊन डब्यात ठेवलीय, आणि स्वतः संध्याकाळभर बाकावर बसून आलीय. सुधीरराव लांबूनच तिला हात जोडून गेले म्हणे. तरी रविवारी तू येच. माझा ग्लास फ्रिजमध्ये तसाच ठेवलाय, तेवढा तू पिऊन टाक.