बिळातली ऊब

३ जानेवारी, सोमवार

पोचले एकदाची! संग्रहालयाच्या मागची खोली मिळाली आहे. एक खिडकी, एक टेबल, एक कपाट आणि भला थोरला दोघांचा पलंग. एकट्या बाईला एवढा पलंग देणारा हा उदार माणूस कोण, असं रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, पलंग आतच जोडलाय, आता तो दारातून बाहेर निघत नाही. म्हणजे उदारपणा नव्हे, नाइलाज.

लेकीला फोन केला. ती आणि नात सोळा तारखेला येणार आहेत. नातीला 'दगडातले उंदीर' बघायचे आहेत. मी म्हटलं, उंदीर म्हणू नकोस गं, रागावतील. हे जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून पहिल्यांदाच कुणाची तरी वाट बघते आहे. बरं वाटतंय.

५ जानेवारी, बुधवार

संग्रहालयाच्या कारखान्यात काम सुरू. सुईने दगड खरवडायचा, ब्रशने झाडायचा आणि हाडाला धक्का लावायचा नाही. सांगायला एका ओळीचं, करायला मानेचा जीव घेणारं.

इथल्या प्रमुख बाई हुशार आहेत, फक्त समोरच्याचा चहा गार होईपर्यंत बोलतात. त्यांचा सगळा जन्म एका प्राण्यामागे गेला. मांजराएवढा, केसाळ, पिल्लांना दूध पाजणारा. आभाळातून आग पडली, जग काळोखात गेलं, ते अवाढव्य सरडे मेले, तेव्हा हा बिळात दडून जगला. राखेच्या थराखालीही याची हाडं सापडतात आणि वरही. पुढे सगळं हिरवंगार झालं, खायला मुबलक, मारणारं कुणी उरलं नाही. आणि तेव्हा हा संपला. इतक्या वाईटात जगला आणि सुखात कसा मेला, एवढंच कळलं की मी डोळे मिटायला मोकळी, असं बाई म्हणाल्या.

माझ्यापुढे त्याचं आख्खं बीळ आहे, दगड झालेलं. खणताना त्याचे दोन तुकडे झाले. मोठ्या तुकड्यात घरटं, त्यात सगळे एकमेकांना बिलगून मेलेले. छोट्यात ये-जा करायचं भुयार. त्यात एक आई आहे, पिल्लू तोंडात धरून बाहेर निघालेली. मला ती फार आवडली. एकीला तरी सुचलं!

८ जानेवारी, शनिवार

घरट्याच्या मधोमध एक पोकळी निघाली. आतून गुळगुळीत. सगळ्यांची पोटं तिच्याकडे, पाठी बाहेर. बाई म्हणाल्या, हाडं नसलेलं काहीतरी असेल, कुजून गेलं. आकार कळावा म्हणून मी त्यात साच्याचं रबर ओतलं. निघाला तो मळलेल्या कणकेसारखा गोळा. ना डोकं, ना पाय, नुसते चहूबाजूंनी खळगे, एकेक प्राणी टेकेल असे. कारखान्यात गारठ्याने रबर सुकेना, म्हणून बाईंना विचारून खोलीवर आणलं आणि पलंगाशेजारी ठेवलं.

१० जानेवारी, सोमवार

दोन वर्षांत अशी झोप लागली नव्हती. उठले तर पलंगाची दुसरी बाजू ऊबदार. यांची बाजू. थंडीत मीच लोळले असेन तिकडे. पण खरं सांगते, हात तिथे ठेवून किती वेळ पडून राहिले. रडू आलं. वाईट वाटून नव्हे.

कामावर जायला उशीर झाला.

११ जानेवारी, मंगळवार

घरट्याला लागून कोठी सापडली. बियांनी काठोकाठ भरलेली, एकीलाही दात लावलेला नाही. हाडांवर चावा नाही, घाव नाही. पिल्लांची हाडं मात्र काडीसारखी. बाई म्हणाल्या, हे उपाशी मेले. भरल्या कोठीशेजारी, वीतभर अंतरावर! त्या आनंदाने थरथरत होत्या. उद्याच निघाल्या, बाहेरगावच्या तज्ज्ञांना दाखवायला.

खोलीवर आले तर सकाळचा डबा तसाच. कालचाही.

१२ जानेवारी, बुधवार

आज दोन तुकडे जोडले. भुयाराचा तुकडा मी धरला होता तसा बसेना. उलटा फिरवला तर काठाला काठ असा बसला की फट दिसेना.

ती आई बाहेर निघालेली नव्हती. ती आत चालली होती. बाहेर राहिलेलं पिल्लू घेऊन, घरट्यात.

हत्यारं तशीच टाकली. खोलीवर येऊन गोळा उचलला. त्यात एक नवा खळगा होता. मोठा. मी कुशीवर वळले की माझ्या पोटाशी बरोबर बसेल असा.

कारखान्याच्या कपाटात कुलूप लावून ठेवला.

१३ जानेवारी, गुरुवार

गोळा तिथे, कुलपात. ऊब इथे.

खुर्चीत झोपले होते. जाग आली ती पलंगावर. पलंग बाहेर काढावा तर दारातून निघत नाही. मी तरी कुठे निघते आहे—

भीती वाटते. त्याहून वाईट म्हणजे बरं वाटतं.

१४, शुक्रवार

लेकीला फोन केला. येऊ नका म्हटलं. का, ते सांगता येईना. जीभ जड. ती म्हणाली, आई, तुझा आवाज असा का येतोय. जेवलीस का. मी उद्याच निघते.

नको म्हणायला हवं होतं. ओरडून. पण बाजूला कुणीतरी कूस बदलली आणि—

ही वही उशाशी होती म्हणून. टेबलापर्यंत जाववत नाही.

१५

आल्या दोघी.

दाराला कडीच लावलेली नव्हती. केव्हापासून—

लेक रडली, किती वाळलीस म्हणून. पलंगावर बसू नका म्हटलं. दोनदा म्हटलं. ती बरं म्हणाली आणि माझं कपाळ बघायला टेकली. नुसती टेकली—

नात मध्ये शिरली. म्हणाली, "आजी, सरक ना जरा. याला जागा पुरत नाहीये."

आता झोपली आहे. गाल लाल झालेत. लेकीचाही डोळा लागला. बूट पायातच आहेत. म्हणजे ती उठेल. उठायचंच म्हणून काढले नसतील ना—

टेबलावर तिने आणलेला डबा आहे. झाकण उघडं. वास येतोय. हात लांब केला तर पुरेल.

पोरीला उचलायचं आणि दाराबाहेर ठेवायचं. तेवढंच. माझं काहीही होवो, तिला बाहेर—

उठते. हे वाक्य लिहून झालं की उठते. तिचा हात माझ्या हातातून हळूच सोडवायचा आणि मग