टीव्हीतला बांध

संतपूर

चि. धम्मानंदास मायचा जयभीम.

आधी आली रत्नपालची विशाखा, मागून तुझी करुणा. दोघी नाती एकाच दिवशी! मला काय करू न काय नको झालं रे. भाकरी सोडून आधी टीव्ही पुसला. तुम्हा भावांची वाटणी झाली, बोलणं तुटलं, तरी ह्या पोरी एकाच टीव्हीत खेळातल्या मोटारी पळवायच्या. मधी काळी रेघ, वर विशाखा, खाली करुणा. मी म्हणायची, "बांध असावा तर असा!"

औंदा विशाखानं खेळाचं नवं मशीन आणलं. मी म्हणलं, "करा की वाटणी."

"आज्जी, नव्या खेळात पडदा वाटता येत न्हाई. करुणानं तिचं मशीन घ्यायचं, तिच्या घरून खेळायचं."

"असू दे आज्जी," म्हणून करुणा मोबाईल घेऊन ओसरीवर गेली.

त्या रेघेपायी तरी माझं घर एका खोलीत बसायचं. तू कामून येत न्हाईस, ते विचारत न्हाई. हे पत्र बी न धाडता पिठाच्या डब्याखालीच ठेवायलेय.

निघताना दोघींनी गळ्यात पडून वचन दिलं. विशाखा जयंतीला येणार हाय. करुणा बुद्धपौर्णिमेला.

तुझी माय,
पार्वतीबाई