तुमचे बंधू सायकलवर पार्कात निघाले आहेत

आदरणीय फिलोमेन वन्सं यांस,

शेटिकँपहून धाकट्या भावजयीचा, ओझीतचा, नमस्कार पोचावा. गुडघा कसा आहे? माँक्टनमध्ये एव्हाना बर्फ वितळलं असेल, तेव्हा त्या गुडघ्याला कुरकुरायला आता सबब उरलेली नाही असं त्याला माझ्याकडून सांगा. इकडे आठवडाभर स्वेत सुटला होता. (डोंगरावरून उतरणारा आपला तो खुळा वारा तुम्ही विसरला असाल, पण तो कुणाला विसरत नाही. शेजारच्या कालिक्स्तच्या कोंबड्या दोन दिवस आमच्याकडे मुक्कामाला होत्या.) तुमच्या बंधूंची प्रकृती उत्तम आहे आणि भूक त्याहून उत्तम. तुम्ही काळजी करू नये. मी करतेच आहे, एका माणसासाठी दोघींनी कशाला झिजायचं?

पत्रास कारण की तुमच्या बंधूंनी सायकलवरून राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकत फिरायचं ठरवलंय. हो, मेदरीकनीच. गेल्या शरदात खेकड्यांची बोट विकल्यापासून हा माणूस घरात नुसता येरझाऱ्या घालत होता. एके दिवशी मीट-पाय खाता खाता म्हणाला, "ओझीत, जन्म गेला आपला पार्कच्या फाटकापाशी. लोक कुठून कुठून सायकली घेऊन येतात, आपण त्यांना सूप वाढतो, हात हलवतो. आपण एकदा तरी आत झोपलोय का?" मी म्हटलं, आपलं घर फाटकाला लागून आहे, आत झोपायला काय झालंय, कूस बदलली की पार्कच! पण ऐकतोय कोण. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा भलामोठा नकाशा काढून जेवणाच्या टेबलावर अंथरला गेला, आणि तेव्हापासून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. नकाशातल्या इंगोनिश गावावर एकदा सूप सांडलं तर मला म्हणाले, "बघ, तिथं आता पूर आला."

नकाशा भिंगातून बघायचे. छपाई हल्ली वाईट करतात म्हणे. मी विश्वास ठेवला, कारण त्या दिवसांत माझं लक्ष वेगळ्याच दुःखात होतं. वन्सं, तुम्हाला म्हणून सांगते. सगळा हिवाळा हे माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघतच नव्हते. मी समोर बसलेली आणि यांची नजर माझ्या कानाच्या पलीकडे, चुलीकडे. मला वाटलं, बोट विकायला मी जोर केला त्याचा राग धरलाय. (मग मीही दोन महिने चुलीकडेच बघून बोलत होते. अशानं चूल तेवढी सुखात राहिली.)

तर तयारी. माझ्या गालिच्यांसाठी ठेवलेलं गोणपाट घेऊन मी सायकलींना लटकवायच्या पिशव्या शिवल्या. तंबू आला. तंबूची रंगीत तालीम परसात झाली, नेमकी स्वेतच्या दिवशी. मी म्हटलं, आज नको. तर म्हणाले, डोंगरावर काय वारा माझी परवानगी मागून येणार आहे? आत शिरले, झोपून बघतो म्हणाले. खुंट्या मी ठोकल्या होत्या, पण वाऱ्यानं त्या दातकोरणीसारख्या उपटल्या. तंबू, तंबूत तुमचे बंधू, असं सगळं गुंडाळत गुंडाळत कालिक्स्तच्या लॉबस्टरच्या पिंजऱ्यांच्या ढिगावर जाऊन अडकलं. कालिक्स्त दारात पाईप ओढत उभा. जागचा न हलता ओरडला, "मेदरीक, अरे पार्क तिकडं! इकडं समुद्र आहे!" आतून आवाज आला, "ठाऊक आहे मला! वळण घेतोय!"

एवढ्यावर कुणीही शहाणा थांबला असता. आम्ही पुढच्याच रविवारी, चर्चहून आल्यावर, सायकलींच्या तालमीला निघालो. काप-रूजपर्यंत जायचं, डबा खायचा, परत. हे पुढे, मी कालिक्स्तच्या बायकोची सायकल घेऊन मागे. ऊन छान पडलं होतं. समुद्राचा वास, नुकती पालवी फुटलेले बर्च, मला वाटलं, म्हाताऱ्याचं काही चुकलं नाही हो, हे आधीच करायला हवं होतं. तेवढ्यात वळणावर रस्त्याच्या मधोमध सांबरासारखा एक अवाढव्य मूस. घोड्याहून उंच, आडवा उभा. मी जोरात ब्रेक लावला. तुमचे बंधू मात्र सरळ त्याच्या नाकापर्यंत गेले, टोपी उचलली आणि म्हणाले, "काय कालिक्स्त, घोडा इथं कुठं बांधलास? वाटेतून काढ की!" वन्सं, तो मूस ओशाळून बाजूला झाला. खरंच झाला. मी हसून हसून सायकलवरून उतरले. डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसलं, आणि बघते तर हे पुढच्या वळणाला वळलेच नाहीत. रस्ता वळला, हे सरळ गेले.

देवाची कृपा म्हणून तिथं चर होता, आणि चरात गवत होतं. दहा पावलं पलीकडे कडा आणि खाली समुद्र. मी धावत गेले तर हे पाठीवर पडून आकाशाकडे बघताहेत, एक चाक अजून फिरतंय. म्हणाले, "रस्ता कधी बदलला?"

मी शेजारी गवतात बसले. (काप-रूजला जिथे तुमच्या आजीचं घर होतं, ते तिथून दिसतं. म्हणजे जागा दिसते.) डबा उघडून हातात सँडविच दिलं, तर यांनी ते घेताना आधी माझं मनगट चाचपलं. तेव्हा मी विचारलं, "कधीपासून?"

मग सांगितलं सगळं. शरदात हॅलिफॅक्सला इंजिनाचा भाग आणायला गेले होते ना, तो इंजिनाचा भाग नव्हता, डोळ्यांचा डॉक्टर होता. नजरेचा मधलाच भाग पुसत चाललाय. कडा दिसतात, मध्य नाही. म्हणून बोट विकली. "तुझा चेहरा बघायचा तर जरा बाजूला बघावं लागतं. समोर बघितलं की तू जातेस," असं म्हणाले, आणि चुलीकडे बघतात तसे माझ्या कानाच्या पलीकडे बघायला लागले. वन्सं, सगळा हिवाळा हा माणूस मलाच बघत होता हो.

घरी आल्यावर मी सायकलींना कुलूप घातलं आणि बजावलं, फिरणं बंद. हे भांडले असते तर बरं झालं असतं. पण हे नकाशाची घडी घालू लागले, आणि ती चुकीची पडत गेली. पुन्हा उलगडली, पुन्हा चुकली. शेवटी नकाशा तसाच बोळा करून फळीवर ठेवला. त्यानंतर आठवडाभर आम्ही टेबलावर जेवलो. इतकं बेचव जेवण माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

काल मीच तो नकाशा काढला, हातानं इस्त्री केली, अंथरला आणि म्हटलं, मी वाचते, तुम्ही सांगा. मी कॉर्नी ब्रूक म्हटलं की हे सांगतात, तिथं तंबूला वारा डावीकडून लागेल. मी फ्रेंच माउंटन म्हटलं की म्हणतात, तिथं उतरून ढकलायचं, ढकलायला डोळे लागत नाहीत. सगळा रस्ता पाठ आहे हो यांना, मला नुसतं सोबत जायचंय. असो. सगळं ठीक आहे, आम्हाला कशाची गरज नाही. मुलांना गोड पापे.

तुमची,
ओझीत

ता.क. गरज नाही म्हटलं ते शिष्टाचार म्हणून. भाऊजींची ती दोघांनी मिळून चालवायची सायकल तुमच्या गॅरेजात चादरीखाली आहे. तेओतीम भाऊजी गेल्यापासून तुम्ही जावयालाही तिला हात लावू देत नाही, हे मला ठाऊक आहे. कालपासून कागद समोर घेऊन बसलेय आणि मूस-तंबूच्या गोष्टी लिहितेय, ते एवढं मागायचं धाडस होईना म्हणून. चादर काढवत नसेल तर काढू नका. मी समजेन.

आणखी ता.क. सायकल दिली नाहीत तरी तुम्ही मात्र या. गुडघ्यासकट या. जावयाच्या गाडीतून पुढे जाऊन तंबूपाशी कोंबडीचं सूप तापवायला कुणीतरी घरचं हवं, आणि भावानं बहिणीला स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं. अजून त्यांना ते जमलेलं नाही.

शेवटचं ता.क. यांना न सांगता लिहीत होते, पण स्वारी केव्हाची मागे उभी राहून, मी पुटपुटत लिहिते ते ऐकत होती. पुढे मी बसणार, हँडल माझ्या हातात, मागे तुम्ही, असं यांना स्पष्ट सांगून टाकलं. हे कबूल झाले. एकच अट आहे, घंटी त्यांच्याकडे हवी.