बाबाजींच्या दारावरून जाताना

मुरगाव

चि. सोयरू यास दादाचे आशीर्वाद.

इथे लेकाकडे, नितीनकडे मी बरा आहे, काळजी करू नकोस. उजवा हात चालतो, म्हणून तर लिहितो. डावा अजून वर होत नाही. घुमट वाजवताना त्याच्या मडक्याचे उघडे तोंड झाकायला तोच लागतो. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. तुझा खोकला कसा आहे?

बाबाजी गेले, हे काल कळले. तुम्ही आठ दिवस लपवलेत. मी रडेन म्हणून? रडायचे ते काही चुकले नाही.

तिसरीत शाळा सुटलेल्या मला त्यांनी हात धरून घुमट शिकवले. वाड्यावरच्या पोरांना मी शिकवले ते त्यांचेच.

गणेश चवथीच्या सुट्टीत पोरे गावी येतील. दरवर्षी आरत्या बाबाजींच्या घरापासून सुरू होतात. यंदा तिथे सुतक, गणपती नाही. पोरे दारावरून तशीच पुढे जातील, ही मला धास्ती. त्यांची बायको, आपली सुमंगलाकाकी, सवयीने दारात येऊन बसेल रे.

घुमट वाजवू नका, पण तिथे थांबा. ती दरवर्षी म्हणते, "जावा आता, लोक वाट बघतत." ती तसे म्हणेपर्यंत कोणी हलू नका.

तुझा,
दादा