भैरूचे खडे आणि पाच गुरुवार

४ जुलै, गुरुवार
आमच्या भैरूची सोनोग्राफी झाली. पित्ताशयात तीन खडे. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याच्या पित्तात खडे सहसा टिकत नाहीत, विरघळतात. याचं पित्तच बिघडलंय. महिनाभर गोळ्या, तूप-तेल पूर्ण बंद. नाहीतर ऑपरेशन, आणि दहाव्या वर्षी भूल सोसेलच असं नाही. काय खायला घालता, विचारलं. मी म्हटलं, साधं घरचंच. खोटं नाही. तूप घरीच कढवते.
आल्या आल्या दत्ताला त्याच्यासाठी पाच गुरुवार बोलले.

११ जुलै, गुरुवार
पहिला. नैवेद्याची तूपपोळी. दत्ताचा नैवेद्य कुत्र्यालाच घालायचा, आणि घरात कुत्रा एकच. गल्लीतल्याला घालावा तर भैरू दारात बसून बघणार. दोन चमचे तूप. त्यातला एक देवाचा. म्हणजे याला एकच.

१४ जुलै
गोळी तुपात बुडवल्याशिवाय गिळत नाही. औषधापुरतं तूप पथ्यात धरत नसावेत. डॉक्टरांना फोन करून विचारीन.

२१ जुलै, गुरुपौर्णिमा
पुरणपोळी. उद्यापासून कडक पथ्य. फोन राहिला.

२५ जुलै, गुरुवार
तिसरा. पोळी कोरडी ठेवली. भैरू तुपाच्या बरणीकडे बघत बसला. बघवेना. देवापुढचं आहे, बाधेल कसं? संध्याकाळी ओकला. हवा बदलली आहे.

५ ऑगस्ट
चार गुरुवार झाले. परत सोनोग्राफी. खडे पाच! डॉक्टर चिडले, याला कोणीतरी चोरून खायला घालतंय म्हणाले. मी भैरूचा पट्टा नीट करायला लागले. तेवढ्यात हे म्हणाले, मीच बिस्किटं देतो की साहेब, चुकलं. रिक्षात वैष्णवीने बापाला नुसतं झापलं, अप्पा, तुम्हीच मारणार बघा त्याला. लेक एवढं बोलली, हे भैरूचं डोकं खाजवत राहिले. मी बाहेर बघत होते.
ऑपरेशन शुक्रवारी. उद्या यांना सगळं सांगून टाकते.

६ ऑगस्ट
सांगितलं नाही. मंगळवारी असलं बोलू नये.

८ ऑगस्ट, गुरुवार
पाचवा. नैवेद्य केला नाही. दत्तापुढे नुसते हात जोडले, आणि यांच्यापुढे बसून सगळं सांगितलं. पेपर खाली न ठेवताच म्हणाले, ठाऊक हाय की. बिस्किटाचा पुडा कधी बघितलास का घरात? महिनाभर त्याच्या मिशांना तुपाचा वास येतोय. मग बोलला का नाहीत, विचारलं. म्हणाले, तू आपणहून सोडशील वाटायचं. दर गुरुवारी वाटायचं.
भैरू माझ्याकडे बघून शेपूट हलवत होता. त्याला गुरुवार कळतो.