दगडावरचे चंद्र-सूर्य

तुडील, शुक्रवार, १४ फेब्रुवारी १९५८

वहिनीला वाचता येत नाही, म्हणून निभावेल असे वाटले होते.

दादाचे विमान ब्रह्मदेशात पडले, आतले कोणी वाचले नाही, हे सरकारी पत्र लढाई संपल्यावर माझ्याच हातात आले. मी तिला ‘शोध चालू आहे’ एवढेच वाचून दाखवले. बारा वर्षे ती कुंकू लावते आहे.

आज शिवेवर मी घडवून घेतलेला दगड उभा राहिला. त्यावर विमान, खाली दादासह त्यातल्या पाचही जणांची नावे. गावाने लढाईतल्या विमानांची आठवण म्हणून बसवला, असे मी तिला सांगून ठेवले होते.

संध्याकाळी ती बघायला आली. नावांवरून नजर तशीच पुढे गेली. मग वर थांबली. पाथरवटाने मला न विचारता विमानाच्या वर चंद्र-सूर्य कोरले होते.

“हे मेल्या माणसाच्या दगडावर असतात ना रे?” तिने तिथेच हत्यारे आवरणाऱ्या पाथरवटाला विचारले.

“व्हय वैनी. त्याबिगर दगड पुरा होत नाय.”

ती माझ्याकडे वळली. “भावजी, कागद कवा आला व्हता?”

“बारा वर्षं झाली.”

“म्हंजे रोज मी वाढायची, आनि तुमी माझ्या कपाळाकडं बघून जेवायचात.”

चंद्र-सूर्य नको, असे आधी बजावायला हवे होते का? हाच विचार पहिला आला, याचीच लाज वाटते. पाथरवटाने खोटे काही कोरले नाही.

आत्ता तिने नेहमीसारखे ताट वाढले. कपाळ पुसलेले होते. मी खाली मान घालून जेवलो.