मागे फिरवलेली तारीख

१२ एप्रिल
आजपासून रोजनिशी कॉम्प्युटरवर. तारीख आपोआप पडते, त्यामुळे टाळाटाळीला वाव नाही. पहिली ओळ लिहितोय तोच कोपऱ्यातून लाल खिडकी वर आली: अँटिव्हायरसची मुदत लवकरच संपत आहे. बंद केली. पुन्हा आली. या घरात माझ्यावर कोणाचाच विश्वास नाही.
रविवारी रिन्यू करणार. ठरलं.

१४ एप्रिल
बायकोला वाचनालयातल्या नोकरीसाठी अर्ज करायचाय. मुलगी लहान असताना नोकरी सोडली होती, आता पुन्हा हवी म्हणते. दोन दिवस चेहरा खुललाय तिचा. बघायला बरं वाटतं. अर्ज ऑनलाइन, शेवटची तारीख ३० एप्रिल. म्हटलं, मी भरतो, तुला त्यातलं कळायचं नाही. कॉम्प्युटरमध्ये २८ तारखेचा रिमाइंडर लावला. माणूस विसरतो, मशीन नाही.
आजच भरला तर काय बिघडेल, असं तिने विचारलं. अँटिव्हायरस रिन्यू झाल्याशिवाय महत्त्वाचं काही भरायचं नाही, हा माझा नियम आहे. आजच केला.

१६ एप्रिल, रविवार
रिन्यू करायला बसलो. पासवर्ड मागितला. मागच्या वेळी असा पासवर्ड ठेवला होता की कोणाच्या बापाला कळणार नाही. मलाही कळला नाही. मुलगी म्हणाली, ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण असतं, ते दाबा. मी विसरलेलो नाही, फक्त आठवत नाहीये. बटण दाबलं नाही.

१९ एप्रिल
उद्या मुदत संपणार. खिडकी सारखी डोकं वर काढतेय. जेवणात लक्ष नाही. बायकोने दोनदा अर्जाचं विचारलं. अशा वेळी विचारतं का कोणी?

१९ एप्रिल, संध्याकाळ
सुचलं. ऑफिसात माझ्या आवक टेबलावर तारखेचा शिक्का असतो. फाईल उशिरा आली की मी त्याचं चाक जरा मागे फिरवतो, फाईल वेळेवर येते. आजवर तक्रार नाही. मग कॉम्प्युटरला वेगळा न्याय कशाला? तारीख एक महिना मागे नेली. लाल खिडकी गप्प. स्वतःचं कौतुक वाटलं.

२१ मार्च
(तारीख आपोआप पडते, माझा इलाज नाही.) बँकेची साइट उघडत नाही. मेलही नाही. कनेक्शन सुरक्षित नाही म्हणे. बाहेर व्हायरस किती माजलेत बघा. वेळीच पावलं उचलली म्हणून वाचलो.

२४ मार्च
खबरदारी म्हणून इंटरनेटची वायर काढून ठेवली. मुलगी म्हणते, तारीख चुकीची असली की साइट उघडत नाहीत. हल्लीच्या पोरांना सगळ्यातलंच कळतं. बायको स्वयंपाकघरातून अर्जाबद्दल काहीतरी सांगत होती, पण मी वायर गुंडाळत टेबलाखाली होतो. तिथूनच ओरडून सांगितलं, रिमाइंडर आहे.

२८ मार्च
रिमाइंडर वाजला नाही, म्हणजे वेळ आहे. तरी सकाळपासून चैन नाही. उगाच कॉम्प्युटरपाशी जाऊन येतोय. मशीन शांत. बायकोही शांत. तिच्या शांतपणाची जास्त भीती वाटते.

२ एप्रिल
आज ऑफिसात शिक्का मारताना हात थांबला. कागदावर उमटलं ३ मे. आणि घरचा कॉम्प्युटर, रिमाइंडरसकट, मागच्या महिन्यात बसलाय. तिथल्याच कॉम्प्युटरवर वाचनालयाची साइट उघडली. अर्जांची मुदत संपली होती. फोन करून म्हटलं, जरा मागची तारीख टाकून घ्या. तिथल्या बाई म्हणाल्या, तारीख मशीनच टाकतं, आमच्या हातात काही नाही.
बायकोला खरं सांगून टाकायचं. उद्या.

८ एप्रिल
तो उद्या आज उजाडला. धीर करून म्हटलं, थोडं बोलायचं होतं. ती चप्पल घालत होती. म्हणाली, संध्याकाळी बोलू, इंटरव्ह्यूला उशीर होतोय.
अर्ज तिने मुलीच्या फोनवरून भरला होता, मी टेबलाखाली होतो त्याच दिवशी. तेच सांगत होते, म्हणाली.
हायसं वाटलं. ती गेल्यावर मात्र वाईट वाटत राहिलं. तिने माझी वाटच पाहिली नव्हती.

१५ मे, सोमवार
बायको आज कामावर रुजू झाली. जाताना म्हणाली, तेवढी कॉम्प्युटरची तारीख नीट करा, माझ्या सुट्ट्या त्यात टाकायच्यात. ऑफिसातून लवकर येऊन केली. वायरही जोडली. लाल खिडकी लगेच हजर: मुदत संपली आहे.
शेवटी पासवर्ड विसरल्याचं ते बटण दाबलं. उत्तर आलं, कोड खातेदाराच्या फोनवर पाठवला आहे. माझा फोन हातात धरून बसलो. काही आलं नाही. मग बारीक अक्षरं वाचली. खातं बायकोच्या नावावर आहे. मागच्या वेळीही तिनेच रिन्यू केलं असणार, पासवर्डही तिचाच.
तिला फोन केला. उचलला नाही, कामात असेल. खिडकी बंद करतोय, पुन्हा येतेय. बायको कधी येते याची वाट बघत बसलोय.